साठ फुटांवरची मार्जरी

विल्फ्रेड हॉजकिसच्या निवृत्तीच्या पैशांतून कालव्यात चालणारी अरुंद, लांबट नॅरोबोट घ्यायची की नाही, हे आज संध्याकाळपर्यंत ठरणार होतं. मार्जरीची अट साधी होती. भाड्याच्या बोटीतून एक दिवस कालव्यावर काढायचा. विल्फ्रेडने एकही घोळ घातला नाही, तर ती बोटीच्या कागदांवर सही करेल. घातला, तर पैसे नव्या स्वयंपाकघराला. चाळीस वर्षांत बिनघोळाचा दिवस उजाडलेला नसल्याने तिने फरश्यांचा रंगही पसंत करून ठेवला होता.

बोट साठ फूट लांब. मागच्या टोकाला विल्फ्रेड सुकाणू धरून उभा, पुढच्या टोकाला मार्जरी त्याच्याकडे पाठ करून बसलेली. डोक्यावर रेनकोटची टोपी, मांडीवर विणकाम, आणि दोघांच्या मध्ये इंजिनाची धडधड. संसाराची याहून उत्तम मांडणी असूच शकत नाही, असं विल्फ्रेडचं मत झालं होतं.

ऑगस्टमधला शनिवार, त्यामुळे कालव्यावर बोटींची जत्रा भरलेली. तरीही दुपारपर्यंत त्याने कुणाला धक्का दिला नव्हता. काठाला बांधलेल्या बोटींजवळून तो इतका हळू गेला की एक बदक त्याला मागे टाकून पुढे गेलं.

मग लॉक आलं, म्हणजे पाणी भरून बोटींना वरच्या पातळीवर चढवणारा, दोन्ही टोकांना फाटकं असलेला हौद. शेजारी त्याच मालकाची, तशीच निळी बोट येऊन लागली. ती लेनर्ड प्लम नावाच्या गृहस्थाने घेतली होती. त्याची बायको ग्वेनही टोपी ओढून पुढे बसली होती. पावसात फाटकं ढकलायला दोघींनी साफ नकार दिल्यामुळे नवरेच उतरले, विल्फ्रेड डाव्या काठावर, लेनर्ड उजव्या. पाणी भरलं, बोटी वर आल्या, पण उजवीकडचं दार काही हलेना. विल्फ्रेड फाटकावरच्या फळीवरून पलीकडे गेला आणि दोघांनी मिळून ते रेटलं. मग डावं दार उघडायला लेनर्ड मागच्या फाटकावरून तिकडे गेला. पुलावरच्या बघ्यांनी टाळ्या वाजवल्या. विल्फ्रेडने टोपी काढून मान लववली आणि जवळच्या बोटीवर ऐटीत पाऊल टाकलं. समोर बोटी ताटकळत होत्या, रेंगाळायला वेळ नव्हता.

सुकाणूजवळ सकाळी मार्जरीने काकडीचं सँडविच ठेवलं होतं. आता तिथे चक्क ब्रँडीत मुरवलेला फ्रुटकेक होता! डॉक्टरांनी त्याची साखर बंद केली होती. म्हणजे बाईसाहेब विरघळल्या तर. विल्फ्रेडने केक संपवला आणि हात हलवला. पुढच्या टोपीनेही हात हलवला.

दोन मैलांवर पबसमोर बोट बांधून तो पुढे धावला. "केक झकास होता गं. आता सही कर."

टोपी मागे सरली. आत भलताच चेहरा होता.

"तुम्ही कोण?" त्याने कसंबसं विचारलं.

"ते मी विचारायचं," बाई पांढरीफटक पडत म्हणाली. "लेनर्ड कुठाय? आणि कसला केक? त्याला तर साखर बंद आहे."

तेवढ्यात वळणावरून दुसरी निळी बोट आली, सुतासारखी सरळ. पुढच्या टोकाला लेनर्ड, मांडीवर मार्जरीचं विणकाम धरून, काकडीचं सँडविच रडव्या तोंडाने चावत बसला होता. आणि मागे सुकाणूवर मार्जरी होती.

विल्फ्रेडला एकदम अवसान चढलं. "मला नावं ठेवत होतीस ना? आता तूच भलत्याच्या बोटीत बसून आलीस!"

"बोटीवरचं नाव वाच," मार्जरी शांतपणे म्हणाली.

त्याने वाचलं. ती 'ब्लूबेल' घेऊन आली होती, म्हणजे त्यांचीच. त्याच्या मागे 'प्रिमरोझ' उभी होती.

"मी जागची हललेच नव्हते," ती दोर बांधत म्हणाली. "यांनी तीनदा काठावर आपटलं, तेव्हा तुला झापायला मागे गेले, तर हे. मग सुकाणू घेतलं हातात."

विल्फ्रेडने खाली मान घातली. "फरश्या कुठल्या रंगाच्या ठरवल्यास?"

"फरश्या राहू देत. सही करते मी."

त्याचा कानांवर विश्वास बसेना. मार्जरीने अंगातला रेनकोट उतरवून त्याच्या हातात दिला.

"टोपी घाल," ती म्हणाली, "आणि पुढे जाऊन बस."