आईची दाढ आणि डॉक्टरांची करवत

दाढ ठणकायला लागली की डॉक्टरांची आई हातात पिशवी घेऊन जिना उतरायची, मुलाच्या दवाखान्यावरून सरळ पुढे जायची, रस्ता ओलांडायची आणि समोरच्या डॉक्टरीणबाईंच्या पायऱ्या चढायची. मुलगा दातांचा डॉक्टर, दवाखाना घराच्याच खाली, आणि आई मात्र समोर. वाट बघत बसलेले पेशंट काचेतून हे सगळं बघायचे. मग त्यातला एखादा जरा पाणी पिऊन येतो म्हणून उठायचा तो परत फिरकायचाच नाही.

"आई, निदान मागच्या दाराने तरी जात जा," डॉक्टर म्हणायचे.

"का? मी काय चोरी करते? तुझा हात वाईट आहे असं मी कुठे म्हणते? पण तू थांबत नाहीस रे. समोरचा माणूस कळवळतो आणि तू आपला 'झालंच, झालंच' म्हणत पुढे. सायकलला ब्रेक असतात हेसुद्धा तुला गुडघे फुटल्यावर कळलं होतं."

डॉक्टरांची बायको दवाखान्यात मदतनीस होती. पेशंट कसे कळवळतात हे तिने रोज जवळून पाहिलेलं होतं, त्यामुळे ती अशा वेळी खिडकीबाहेर बघायची.

ही गोष्ट डॉक्टरांच्या मनाला लागून राहिली. ज्या हातांवर आईचा विश्वास नाही, त्याच हातांनी तिला काहीतरी करून दाखवायचं असं त्यांनी ठरवलं. गुडघ्यांमुळे आईला उभ्याने चपला घालता येत नसत, म्हणून दारापाशी बसायला एक बाक. स्वतःच्या हाताने केलेला, सुतार न बोलावता. बाकावर बसली की तिला रोज मुलाचे हात आठवतील आणि एक दिवस ती रस्ता ओलांडायच्या आधीच वळेल, असा त्यांचा हिशेब होता.

त्यासाठी त्यांनी विजेवर चालणारी गोल पात्याची करवत आणली. दुकानदार ती कशी धरायची ते समजावून सांगायला लागला, तेव्हा डॉक्टर हसले.

"अहो, माझा धंदाच हा आहे. फिरणारं टोक आणि ते धरणारा हात. फक्त माझ्याकडे ते जरा लहान असतं."

"साहेब, तुमच्यासमोर तोंड असतं. ते ओरडतं तरी. लाकूड काही बोलत नाही," दुकानदार म्हणाला. डॉक्टरांना हा विनोद वाटला. माहितीपुस्तक त्यांनी पिशवीतून काढलंही नाही.

रविवारी सकाळी डॉक्टर तयार झाले. जुना पांढरा कोट, तोंडावर मास्क, हातात पातळ रबरी मोजे, डोळ्यांवर दात बघायची भिंगं. करवत सोडून दुसरं काहीही चालवायचं असतं तर ते जय्यत तयार होते. फळी त्यांनी जेवणाच्या टेबलावर ठेवली, रेघ मारली आणि खटका दाबला.

घरात असा आवाज पूर्वी कधी झाला नव्हता. आई कानांवर हात ठेवून स्वयंपाकघराच्या दारात आली. पातं फळीत शिरलं आणि जाड लाकूड काहीही कुरकुर न करता दुभंगत गेलं. भुशाचा ताजा वास खोलीभर पसरला. डॉक्टरांचा ऊर भरून आला. एवढी ताकद आणि ती आपल्या एका बोटाखाली, या विचाराने त्यांना मशीन खाली ठेववेना.

बायको टेबलाजवळ आली आणि फळीचे दोन तुकडे तिने बाजूला केले. खाली टेबलावरही तशीच एक सरळ, सुबक चीर पडलेली होती.

"अहो, टेबलाचापण बाक करायचा होता का?"

डॉक्टरांनी वाकून बघितलं. पातं फळीच्या जाडीपेक्षा किती खाली उतरू द्यायचं हे ठरवायला मशीनला एक खुंटी होती. ती त्यांनी ढिली करून बघितली होती, पण लावली नव्हती. "समजलं. आता समजलं," ते म्हणाले आणि खुंटी आवळली. चिरेवर बायकोने फळांची टोपली ठेवली.

दुसरी फळी त्यांनी गच्चीत नेली. तिथे कापता कापता करवतीची वायर फळीवरून पुढे आलेली त्यांना दिसली. नीट दिसली. पण रेघ अगदी संपत आली होती. "झालंच," डॉक्टर स्वतःशीच म्हणाले. फट्ट असा आवाज झाला, निळसर ठिणगी उडाली आणि पाठोपाठ घरातला पंखा, मिक्सर आणि आईची मालिका एकदम बंद पडली.

दोघी वर आल्या तेव्हा डॉक्टर हातात करवत घेऊन उभे होते. करवतीला वीतभर वायर लोंबत होती आणि उरलेली जमिनीवर पडली होती.

"काय झालं?" बायकोने विचारलं.

"हिने स्वतःची शेपूट खाल्ली."

"हिने खाल्ली की तुम्ही भरवली?"

आईने मुलाला आधी डोक्यापासून पायापर्यंत आणि मग पायापासून डोक्यापर्यंत बघितलं, आणि खाली जाऊन ती जरा वेळ पडून राहिली. तिला दिवसा पडायची अजिबात सवय नव्हती.

वायर बदलून मशीन परत आलं. यापुढे वायर खांद्यावरून मागे टाकायची हे डॉक्टर शिकले, आणि शिकलो म्हणजे सगळंच आलं अशी त्यांची समजूत झाली. आता त्यांना एकच गोष्ट खुपत होती. पात्याखाली एक झाकण होतं. करवत उचलली की ते आपोआप पात्यावर येऊन बसायचं, आणि त्यामुळे रेघ नीट दिसत नव्हती. डॉक्टरांनी दवाखान्यातून वाकडे दात सरळ करायची बारीक तार आणली आणि ते झाकण मागे ओढून बांधून टाकलं. काम इतकं नाजूक, इतकं सफाईदार झालं की ते त्यांनी बायकोला बोलावून दाखवलं.

"झाकण कशाला असतं ते?" तिने विचारलं.

"उगीच असतं."

पुढच्या रविवारी बसायची मोठी फळी कापायची होती. डॉक्टरांनी दोन खुर्च्या समोरासमोर ठेवल्या, फळीची दोन टोकं त्यांवर टेकवली आणि मधोमध कापायला घेतलं. आई दारात स्टुलावर बसली होती. बायको भिंतीवरच्या बटणापाशी उभी होती. तिला तिथे उभं राहायला कोणी सांगितलं नव्हतं.

अर्धं काम सुरळीत झालं. मग आवाज बदलला. इतका वेळ मोकळा वाटणारा आवाज एकदम घोगरा झाला, घुसमटल्यासारखा. कापत आलेली फळी मध्येच खाली वाकली होती आणि दोन्ही बाजूंनी पात्याला आवळत होती. डॉक्टरांना आवाज ऐकू आला. आईलाही आला.

"थांब रे," आई म्हणाली.

"झालंच," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी जोर लावला.

करवतीने फळी सोडली आणि ती उलटी त्यांच्याच अंगावर आली. कोणी ढकलावं तसे डॉक्टर मागे भेलकांडले. मशीन हातातून सुटलं, डाव्या हाताच्या इतकं जवळून गेलं की बोटांवर वारा लागला, कोटाचा खालचा कोपरा घेऊन ते जमिनीवर पडलं आणि उघड्या पात्यावर फरशी ओरबाडत स्टुलाच्या दिशेने निघालं. आईने दोन्ही पाय वर घेतले. गेल्या कित्येक वर्षांत तिचे गुडघे इतके वाकले नव्हते. बायकोने बटण बंद केलं. तरीही पातं काही वेळ फिरतच राहिलं, आपल्याच तंद्रीत, मग हळूहळू त्याचे दात दिसायला लागले आणि ते स्टुलाच्या पायाशी थांबलं.

भुसा हवेतून खाली येत होता. डॉक्टरांची दातखीळ बसली होती. त्यांनी मोजे काढले आणि बोटं एकेक करून हलवली. सगळी होती. याच बोटांवर हे घर चाललं होतं, दवाखाना चालला होता, आणि आज ती होती याचं श्रेय त्यांच्याकडे अजिबात जात नव्हतं. समोर पडलेल्या त्या लहानशा यंत्राकडे ते बघत राहिले. उंच कड्याच्या टोकावर पाऊल ठेवल्यावर खालची दरी दिसावी तसं त्यांना झालं होतं. भीती तर होतीच, पण त्याहून मोठं काहीतरी होतं. आपण कशाशी लगट करत होतो हे त्यांना आत्ता कळत होतं, आणि ज्याने आपल्याला सोडून दिलं त्याच्यापुढे मान खाली घालावीशी वाटत होती.

"चहा घेणार का?" बायकोने विचारलं. तिचा हात अजून बटणावरच होता.

"आधी प्लग काढ," डॉक्टर म्हणाले. "पूर्ण काढ. काढून मला दाखव."

मग ते मांडी घालून बसले आणि त्यांनी ती बारीक तार कापली. झाकण खटकन पात्यावर येऊन बसलं. त्या आवाजाने ते पुन्हा दचकले. त्या दिवशी त्यांनी माहितीपुस्तक शोधून काढलं आणि पहिल्या पानापासून वाचलं, परीक्षेला बसल्यासारखं. मध्येच ते बायकोला वाचून दाखवत. "हे बघ, लिहिलंय. कापलेला तुकडा मोकळा खाली पडला पाहिजे. पात्याच्या रेषेत उभं राहायचं नाही, बाजूला राहायचं. सैल कपडे नकोत, मोजे नकोत. सगळं लिहिलंय गं यात."

त्यानंतरचा रविवार घरात वेगळाच उगवला. कोट नव्हता, मोजे नव्हते. फळीखाली रेघेच्या दोन्ही बाजूंना आधार होते. कापण्याआधी डॉक्टर मशीनपुढे क्षणभर नुसते उभे राहिले, तेव्हा बायकोने आणि आईने आपोआप बोलणं थांबवलं. खटका दाबला. पातं चालत गेलं. फळी जवळजवळ तुटत आली होती, चार बोटं राहिली असतील, आणि आवाज किंचित जड झाला. इतका किंचित की बायकोला तो ऐकूच आला नाही.

डॉक्टरांनी बोट उचललं. पातं पूर्ण थांबेपर्यंत ते हलले नाहीत. मग प्लग काढला, वाकून बघितलं, सरकलेला आधार नीट लावला, घाम पुसला आणि पुन्हा उभे राहिले. चार बोटांच्या कामाला त्यांनी चांगला वेळ घेतला. आई दारातून हे सगळं बघत होती. हातातली वाटाण्याची शेंग तिने सोलायला घेतली होती, ती तशीच राहिली.

बाक झाला. तो जरासा डुगडुगतो, म्हणून एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी घातलेली आहे. सोमवारी सकाळी आई त्यावर बसली, चपला घातल्या, पिशवी घेतली आणि जिना उतरली. डॉक्टरांनी सवयीने मान वळवली. त्यांना तिला रस्ता ओलांडताना बघायचं नव्हतं. दवाखान्याचं दार वाजलं.

"दाढ दाखवायचीय," आई म्हणाली.

"समोर बंद आहे का?" डॉक्टरांनी विचारलं.

"उघडंय की. ती बघ, दारात उभी आहे."

बायकोने खुर्ची खाली केली. आई आडवी झाली. डॉक्टरांनी दाढ बघितली, बराच वेळ बघितली, सुई दिली, बधिर झालंय याची खात्री केली, आणि मग यंत्र हातात घेऊन ते आधी हवेतच सुरू केलं. तो सुईसारखा बारीक आवाज आयुष्यभर त्यांच्या कानांवर पडत होता. आज तो त्यांनी शेवटपर्यंत ऐकला.

"दुखलं तर हात वर कर," ते म्हणाले.

काम सुरू झालं. अर्धी दाढ झाली असेल नसेल, आईचा हात वर गेला. डॉक्टरांचा पाय पेडलवरून तत्काळ उचलला गेला. यंत्र गप्प झालं. टोक पूर्ण थांबलं तेव्हा त्यांनी ते तोंडातून बाहेर काढलं आणि विचारलं, "दुखलं का?"

आईने तोंडातली लाळ ओढायची नळी बाजूला केली.

"नाही. थांबतोस का ते बघितलं," ती म्हणाली, आणि पुन्हा तोंड उघडलं.