पाहणीच्या दिवशी आमचं घर

आमचं घर गळतं. तुम्ही काही आमच्याकडे पाहुणे म्हणून आलेला नाहीत, म्हणून तुम्हाला सांगायला हरकत नाही.

आमच्या वस्तीत सरकारची सुधारणा योजना आली. गल्लीतली सगळ्यांत पडकी घरं फुकटात दुरुस्त होणार होती. आमचा नंबर पहिला, याबद्दल मला शंका नव्हती. भिंतीला ओल होती आणि छताची डागडुजी मी स्वतः वर चढून केली होती. (पूर्वी एकाच जागी गळायचं.) तेव्हापासून घरात माझा शब्द कुणी मनावर घेत नसे. वस्तीची सभा झाली तेव्हा बायको माहेरी होती. मी ठरवलं, तिला योजनेचं सांगायचंच नाही. एकदम नवं छतच दाखवायचं.

"रविवारी एक इंजिनीअर बाई आपलं घर बघायला येणार आहेत," एवढंच म्हणालो.

"कशाला?"

मी गूढ हसलो. (मी गूढ हसलो की लोक मला दाढ दुखते का विचारतात.)

रविवारी बाईंना नाक्यावरून घेऊन आलो आणि दारातच थबकलो. ओलीवर फुलाफुलांचा पडदा, पोपडे निघालेल्या कोपऱ्यात आरशाचं कपाट आणि मधोमध सोफा!

"हे कुणाचं?" मी कुजबुजलो.

"शेजारच्या शिंपीकाकांचं. हळू बोला!"

शिंपीकाका एकटेच राहतात. त्यांच्या तोंडात सतत टाचण्या असल्यामुळे ते कशालाच नाही म्हणत नाहीत.

बाई सोफ्यावर बसल्या. "ओल कुठे आहे?"

"ओल? आमच्याकडे?" बायको म्हणाली.

"त्या पडद्यामागे!" मी पडदा धरला. बायकोनं माझा हात धरला.

"ह्यांना मेली थट्टेची सवय!"

इतक्यात रात्रीच्या पावसाचा साठलेला एक टपोरा थेंब बाईंच्या चहाच्या बशीत पडला. मला इतका आनंद झाला की मी टाळीच वाजवली. "बघा, बघा!"

"अहो, चहा जपून प्या की, किती उडवता!" बायको मला म्हणाली. माझ्या हातात कपच नव्हता.

शेवटी तिला स्वयंपाकघरात ओढून सगळं सांगितलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पावसाळाभर अंथरूण या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात तीच ओढत होती. मला फार वाईट वाटलं.

"चल, अजून वेळ गेलेली नाही. बाईंना खरं सांगू."

तिनं डोळे पुसले. "परक्या बाईला सांगू, की सोफा उसना आहे? वरचं सगळं छत अंगावर पडलं तरी चालेल!"

बाईंनी कागदावर 'उत्तम' असा शेरा मारला आणि त्या शिंपीकाकांकडे गेल्या. त्यांचं घर तसं धडधाकट. पण आत चार भिंती आणि जमिनीवर मांडी घालून बसलेले काका.

"आजोबा, तुमचं सामान कुठे आहे?"

काकांनी टाचण्यांमुळे नुसताच हात हलवला. बाईंनी तिथेच कागद काढला. "इतकी हलाखी, आणि तक्रारीचा एक शब्द नाही!"

काकांच्या घराला नवं छत, नवी फरशी, नवा रंग मिळाला. आमच्या दारावर 'आदर्श घर' अशी पाटी लागली. आता दर महिन्याला कुठले ना कुठले साहेब वस्तीची प्रगती बघायला येतात. आदल्या दिवशी बायको काकांकडून सगळं सामान आणते. मग घरात जागा उरत नाही आणि माझ्यामुळे पाटीला कमीपणा येतो, म्हणून ती मला काकांकडे ठेवून येते. मी तिथे नव्या छताकडे बघत बसतो.

काकांनी कधी कुरकूर केली नाही. परवा मात्र माझ्याकडे बघत तोंडातल्या टाचण्या काढून म्हणाले, "सूनबाईला सांग बाबा, सोफा जरा लवकर परत पाठव म्हणावं. त्याच्यावर निदान बसता तरी येतं."