राजवैद्याचा झगा

राणी सिंहासनावर बसली आणि सनावळी सर सोफ्यावरून उठले. इतिहासाचे हे निवृत्त शिक्षक. सगळ्या लढायांचे सन तोंडपाठ म्हणून शाळेने ठेवलेलं हे नाव आता गल्लीतही रुळलं होतं. नव्या मालिकेतली राणी चांगली सावळी होती आणि तिचे केस दाट कुरळे होते.

"पुस्तकात राणी गोरी आहे, केस सरळ आहेत. चाळीस वर्षं मी तेच चित्र दाखवत आलोय."

"ते चित्र काढणारा राणीनंतर दोनशे वर्षांनी जन्मला. तुम्हीच सांगितलं होतंत," बायको वाटाणे सोलत म्हणाली.

"विषयांतर करू नकोस."

एकट्याच्या पत्राला कोण विचारतो, म्हणून सरांनी निषेधाचा नमुनाच छापून घेतला. हाडाचे मास्तर, रिकाम्या जागा सोडल्याशिवाय त्यांना कागद पुरा वाटत नसे. '_____च्या भूमिकेत _____ मुळीच शोभत नाहीत. कारण: _____.'

"राणी एवढं तरी छापायचं," बायको म्हणाली.

"कोरं असलेलं बरं. पुढेही उपयोगी पडेल."

पाचशे प्रती वाचनालयात आणि केस कापायच्या दुकानात ठेवल्या. महिन्याभरात त्यातल्या चारशे राणीविरुद्ध रवाना झाल्या. शेवटी दिग्दर्शकाने कंटाळून सरांना बोलावणं धाडलं, 'एकदा येऊन समजावून सांगा.'

पाठ्यपुस्तक काखोटीला मारून सर स्टुडिओत पोचले, तर तिथे वेगळीच धांदल. राजवैद्याचं काम करणारा नट पाय मोडून घरी बसला होता. कपडे सांभाळणाऱ्या बाईंनी सरांच्या खांद्याला टेप लावली.

"मी राणीविषयी बोलायला आलोय," सर म्हणाले.

"बोला ना. जरा हात वर करा."

"अहो, पण मी वैद्य दिसतो का?"

"सर, झगा एकच आहे," दिग्दर्शक म्हणाला. "ज्याला बसेल तो वैद्य."

इतिहासाची ही उघड थट्टा होती आणि सर तिचा कडक निषेध करणार होते, पण तोवर त्यांना दाढी चिकटवून झाली होती. वाक्य एकच होतं, 'राणीसाहेब, धीर धरा.' सरांनी ते वर्गात म्हणावं तसं खणखणीत म्हटलं. चाळीस माणसं चिडीचूप होऊन ऐकत होती. निवृत्त झाल्यापासून सरांचं बोलणं असं कोणी ऐकलं नव्हतं, आणि त्यांना फार, फार बरं वाटलं. दिग्दर्शकाने तीन महिन्यांचं काम देऊ केलं, तेव्हा राणीचा रंग त्यांच्या डोक्यातून साफ गेला.

भाग दाखवला गेला. दोन आठवड्यांनी दिग्दर्शकाने सरांपुढे अकरा पत्रं ठेवली. छपाई ओळखीची होती.

'राजवैद्याच्या भूमिकेत सनावळी सर मुळीच शोभत नाहीत. कारण: त्या काळी नाकावर चष्म्याचे वळ नसत.' हे केस कापणाऱ्याचं. दुसऱ्यात लिहिलं होतं, 'कारण: वैद्य समोरच्याचं आधी ऐकून घेतो.' त्याखाली सही नव्हती, पण ते अक्षर सर रोज वाणसामानाच्या यादीत बघत होते.

"तुमचंच म्हणणं होतं, लोकांच्या मताला मान द्या," दिग्दर्शक म्हणाला. "काय करू, काढू तुम्हाला?"

सरांना घर आठवलं. पुन्हा तो सोफा, पुन्हा ती टीव्हीशी हुज्जत.

"लोकांना इतिहासातलं काय कळतं हो," ते कसंबसं म्हणाले.

"राणीच्या वेळी मी हेच म्हणत होतो. जा, झगा घाला."

बाहेर राणी मांडीवर मुकुट ठेवून चहा पीत होती.

"किती आली?" तिने विचारलं.

"अकरा."

"मला चारशे."

सर घुटमळले. "ती... मीच छापली होती."

"ठाऊक आहे. तळाला तुमचं नाव आहे." राणीने शेजारची खुर्ची पुढे ओढली. "बसा. सुरुवातीला लागतं मनाला. शंभर झाली की काही वाटत नाही."

सर बसले. मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, तरी मास्तराचं डोकं वजाबाकी केल्याशिवाय राहीना.

"वाचनालयात अजून एकोणनव्वद शिल्लक आहेत," ते हळूच म्हणाले.

राणीने आपला चहा त्यांच्यापुढे सरकवला.

"वैद्यराज, धीर धरा."