सासऱ्यांचे जंक्शन

जावईबापूंनी सासऱ्यांच्या कंप्युटरचे बटण दाबले, चहा घेतला, कप विसळून आले, तरी पडद्यावर चकती गोल फिरतच होती. या घरात आता विंडोजच्या जागी लिनक्स आलेच पाहिजे, असे त्यांनी तिथल्या तिथे ठरवले.

जावईबापूंचे चष्म्यांचे दुकान होते, आणि अलीकडे त्यांना लिनक्सने चांगलेच झपाटले होते. गिऱ्हाइकाची नजर तपासता तपासता ते विषय काढत. डोळ्यांवर भिंगांची जड चौकट चढवलेला माणूस उठून जाणार कुठे? अशा रीतीने त्यांनी एक वकील आणि शेजारचा शिंपी यांना लिनक्सवर आणले होते. शिंपी अजूनही अधूनमधून लिनक्सवर न चालणारा प्रिंटर काखेत मारून दुकानासमोर उभा राहायचा, पण ते असो.

"फुकट आहे, व्हायरसची भीती नाही, आणि या जुन्या मशिनवर वाऱ्यासारखं पळेल," त्यांनी सासऱ्यांना सांगितले.

सासरे रेल्वेत वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेले, मोजके बोलणारे. दुसरा कुणी असता तर त्यांनी "गरज नाही" म्हणून पेपरात डोके घातले असते. पण जावयाला नाही कसे म्हणायचे? त्यांनी दारातून फक्त विचारले, "माझं ते गाड्यांचं राहील ना?"

"बाबा, सगळं काढून ठेवलंय. फोटो, कागदपत्रं, सगळं."

गाड्यांचे म्हणजे एक खेळ होता. रूळ टाकायचे, स्टेशने बांधायची, वेळापत्रक लावायचे. निवृत्तीनंतर सासऱ्यांनी त्यात एक अख्खा रेल्वेविभाग उभा केला होता आणि मधोमध तळ्याकाठी मोठे जंक्शन. लिनक्सने विचारले, डिस्क पूर्ण पुसू का? जावईबापूंनी जाणकाराच्या थाटात, पुढचे न वाचता, होय दाबले.

लिनक्स खरेच वाऱ्यासारखे पळाले. विंडोजचे खेळ चालवून घेणारी सोयही त्यांनी बसवली, खेळ पुन्हा उतरवला, आणि तो पहिल्या झटक्यात सुरू झाला. पडद्यावर हिरवे माळरान आले. एक झाड. एक गाय. जंक्शनचा मागमूस नाही. खेळाची फाइल भलत्याच फोल्डरमध्ये असते आणि तिकडे आपण फिरकलोच नाही, हे तेव्हा त्यांच्या ध्यानात आले.

"सिस्टीम अजून स्थिरावायचीय," ते घाम पुसत म्हणाले. "आठवडाभर दुकानात ठेवतो."

"ठेवा की," सासरे म्हणाले आणि त्यांनी मशिन उचलायला हातही लावला. त्यामुळे जावईबापूंना आणखीच मेल्याहून मेल्यासारखे झाले.

बायकोला सांगितल्यावर तिने आधी गॅस बंद केला. हे लक्षण बरे नव्हते.

"बाबांचं जंक्शन पुसलंस तू?"

"पुसलं नाही गं. पुसलं गेलं."

"मग जाऊन सांग त्यांना."

"कसं सांगू? ते रागावणारसुद्धा नाहीत. हरकत नाही म्हणतील आणि खिडकीबाहेर बघत बसतील. त्यापेक्षा मी परत बांधतो."

"तू? तुला परवा फळीवर दोन खिळे सरळ ठोकता आले नाहीत."

दुकानात खेळ उघडला, तर रूळ टाकण्याआधी तो खाते आणि पासवर्ड मागू लागला. पासवर्ड सासऱ्यांकडे. मागावा तर बिंग फुटणार. म्हणून जावईबापू 'पाहुणा' हे बटण दाबून आत शिरले आणि बायकोला फोनवर धरून कामाला लागले.

"जंक्शन तळ्याच्या कुठल्या बाजूला होतं?"

"खिडकीच्या."

"कुठल्या खिडकीच्या?"

"अरे, बाबा बसतात ना, तिथल्या."

दुकानात एव्हाना सगळ्यांनाच या कामात गोडी वाटू लागली होती. नजर तपासायला आलेल्या एक मुख्याध्यापिका भिंतीवरचा तक्ता सोडून पडद्याकडे बघत म्हणाल्या, "शेवटची ओळ दिसत नाही, पण तुमचे दोन रूळ एकमेकांना भेटत नाहीयेत, ते इथून दिसतंय." वकीलसाहेबांनी मालगाडी जरा चालवून बघतो म्हणून नदीत घातली. या गडबडीत वकीलसाहेबांचा चष्मा मुख्याध्यापिकाबाईंकडे आणि त्यांचा वकीलसाहेबांकडे गेला, आणि दोघांनीही आपापली नजर बिघडली असे समजून पुन्हा तपासणी करून घेतली.

आठवडा संपला. जावईबापूंनी मशिन परत नेले, जागेवर लावले आणि खेळ उघडून बाजूला उभे राहिले. सासरे चष्मा सावरून बराच वेळ बघत राहिले.

"नदी सरकलेली दिसते," ते म्हणाले.

"हो, म्हणजे, नवीन सिस्टीममध्ये जरा..."

"हरकत नाही. नद्या सरकतात."

मग सवयीप्रमाणे त्यांनी आपले खाते उघडून पासवर्ड टाकला. लगेच पडद्यावर सूचना आली: तुमचा जुना खेळ खात्यात सुरक्षित आहे. या मशिनवर दुसरा खेळ सापडला. एकच ठेवता येईल, कोणता ठेवायचा? खाली दोन चित्रे होती. एकात तळ्याकाठचे देखणे जंक्शन, दुसऱ्यात जावईबापूंची आठवड्याची मेहनत.

एक पासवर्ड विचारला असता तर काम भागले असते. जावईबापूंना हसावे की रडावे कळेना.

"बाबा, जुनंच ठेवा. माझ्या हातून तुमचं सगळं पुसलं गेलं होतं. हे मी बांधलंय."

"ते कळलं," सासरे शांतपणे म्हणाले. "रेल्वेतला माणूस फलाट तळ्यात बांधत नाही."

"मग दाबा की ते जुन्याचं बटण," सासूबाई मागून म्हणाल्या.

सासरे जुन्या चित्राकडे बघत राहिले. "गेलं वर्षभर मी नुसतं उघडून बघतो," ते म्हणाले. "सगळ्या गाड्या वेळेवर सुटतात, वेळेवर पोचतात. माझं तिथे काही कामच उरलं नाही."

आणि त्यांनी दुसऱ्या चित्रावर क्लिक केले. जुना खेळ कायमचा जाईल, खात्री आहे का, असे मशिनने विचारले. सासऱ्यांनी ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचले आणि होय दाबले.

"ओढा ती खुर्ची," सासरे म्हणाले. "ही लाल गाडी गोल गोल का फिरतेय?"

"तिला थांबा द्यायचा राहिला."

"आत माणसं आहेत?"

"खचाखच."

"कधीपासून?"

"मंगळवारपासून."

सासऱ्यांनी बाह्या सरसावल्या.

"अगं," त्यांनी पडद्यावरची नजर न काढता सासूबाईंना सांगितले, "जेवायला माझी वाट बघू नकोस. ड्यूटीवर आहे."