चेपलेली परात

बिराजदार सर जेवायला बसले की आधी भाकरी मोजायचे. किती खाल्ल्या ते नव्हे. एकच भाकरी, आडवी आणि उभी. खिशातली स्टीलची पट्टी लावायची, वहीत आकडे लिहायचे आणि मला सांगायचं, "ताई, आज डाव्या अंगानं दाब लई पडला." माझा डावा हात जड आहे हे नवऱ्याला वीस वर्षांत कळलं नाही, यांना आठवड्यात कळलं.

लातुरात माझी खानावळ. येणारी पोरं सगळी क्लासची, डॉक्टर व्हायला आलेली. सर कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायचे. त्यांच्या वर्गात फिरकायला कुणाला सवड नव्हती, म्हणून ते जेवणाऱ्यांना धरायचे. बागलकोटकडून आणलेला एक दगड पुढं करायचे. त्यात गाळाबरोबर थिजलेले बारीक दाणे, मुळात वाटोळे, दाबानं लांबट झालेले. "मूळचा आकार ठाऊक असला की किती दबलं ते मोजता येतं."

"सर, हे परीक्षेला येतं का?"

"न्हाई."

पोरं आमटी मागायची.

सर राहायचे आमच्याच माडीवर. खोलीत एक पितळी परात होती, एका बाजूनं चेपून पार लांबोडी झालेली. भूकंपात त्यांचं गाव पडलं, आई गेली, आणि ढिगाऱ्यातून तेवढी परात हाती आली. तिला हात लावायची पोरांना बंदी होती. मी काही स्वतःला पोरांत धरत नव्हते.

दिवाळीत सर चार दिवस परगावी गेले. खोली झाडताना मला वाटलं, आईची वस्तू अशी वाकडीतिकडी का असावी? तांबटाकडून ठोकून गोल करून आणली, चिंचेनं घासून लख्ख केली. स्वतःवर फार खूश होते मी.

सर आले. परात हातात घेऊन त्यांनी सगळीकडून फिरवली. खिशाकडं गेलेला हात तसाच राहिला.

"चुकलं का हो माझं?"

"आईच्या उशाशी होती ही," ते हळू म्हणाले. "दर रविवारी मोजत होतो. भिंत कुठल्या अंगानं आली, किती जोरानं आली, सगळं निघालं. आईला जायला किती वेळ लागला, तेवढं निघत नव्हतं."

मी विचारलं, "निघालं असतं का, सर?"

"न्हाई. मापातून वेळ निघतच न्हाई, मीच शिकवतो की. तरी मोजत राहिलो होतो." ते पायरीवर बसले. "नोकरी लागल्यापासून रविवारीच जायचो तिच्याकडं. आता रविवारी काय करू, ताई?"