बाहेरल्या अंगणाची फेरमोजणी

श्री. ज्याने समुद्रास मर्यादा घातली आणि मनुष्यास कोपरापासून बोटापर्यंत मोजण्याजोगा हात दिला, त्याचे स्मरण करून ही हकिकत लिहिली. शके सोळाशे एकोणनव्वद, सर्वजित नाम संवत्सरे, आश्विन मासी, या राज्याच्या पश्चिम अंगास खाडीच्या मुखी जे किरिस्तावांचे बंदर आहे, तेथील देवळाच्या लाकडी छतावर जे होते ते येणेप्रमाणे. सोन्याच्या समया सात, तारे सात, सिंहासनाभोवती मुगुट घातलेले वडील चोवीस, प्राणी चार, त्यांचे पंख चोवीस, डोळे मोजता आले ते दोनशे अकरा, शिक्के सात, घोडे चार, पैकी एक पांढरा, एक तांबडा, एक काळा आणि एक मेलेल्या माणसाच्या अंगाच्या रंगाचा, तुताऱ्या सात, माणसाच्या तोंडाचे टोळ एकशे नऊ, पुढे ओल लागून रंग उतरला, सूर्य पांघरलेली स्त्री एक, तिच्या मुगुटात तारे बारा, समुद्रातून निघालेले श्वापद एक, त्यास मस्तके सात आणि शिंगे दहा, हाती मोजणीचा बोरू घेऊन देवळासमोर उभा असलेला मनुष्य एक, आणि वेदीच्या थेट वर, स्वर्गातून उतरणारी नगरी एक, तिच्या वेशी बारा, आणि सोन्याच्या बोरूने तिला मोजणारा देवदूत एक. ही मोजदाद इनास मोजणीदार याने फरशीवर उताणे पडून केली.

इनास हा राज्याच्या चाकरीतला, वय पंचवीस, राजधानीत गणित आणि ताऱ्यांची विद्या शिकून आलेला, आणि त्याचा स्वभाव ऐसा की कोणतीही वस्तू आधी मोजावी आणि मग तिचे भय धरावे किंवा तिला नमस्कार करावा. जगाच्या शेवटचे हे दर्शन, जे एका म्हाताऱ्या बंदिवानास बेटावर घडले आणि किरिस्तावांच्या पोथीच्या अखेरीस लिहिले गेले, ते खरे आहे याविषयी त्यास शंका नव्हती. परंतु खरे म्हणजे कोणत्या रीतीने खरे, हे त्यास कळत नव्हते, आणि म्हणोन तो पाद्री लोरेन्स यांस एकसारखा विचारीत असे. एके दिवशी तो म्हणाला, "पाद्रीबाबा, मस्तकं सात आणि शिंगं दहा. भागाकार सुटत नाही. चिताऱ्यानं तीन मस्तकांना दोन-दोन दिली आणि चारांना एक-एक. हे पोथीत आहे की त्याच्या पदरचं?" पाद्री हसून बोलिले, "पदरचंच. अरे, शिंग म्हणजे सत्ता. ज्यानं हे पाहिलं त्याच्यापाशी त्यासाठी शब्द नव्हते, मग जवळ जे होतं, घोडा, टोळ, शिंग, तेच त्यानं उचललं. तू शिंगाची मुळं कसली शोधतोस?" इनास म्हणाला, "मग आकडे कशाला दिले?"

मग आश्विन वद्यात समुद्राचे पाणी तांबडे जाहले. मासे पांढरी पोटे वर करून किनाऱ्यास लागले, आणि होड्या वाळूत ओढल्या त्या कोणी पुन्हा पाण्यात लोटीना, आणि बंदराचे बस्त्याव पाटील, मोठे वजनदार गृहस्थ, देवळाच्या पायरीवर उभे राहून सांगू लागले की दुसरी तुतारी वाजली, समुद्राचा तिसरा हिस्सा रक्त जाहला, आता शेवट आला. हेच पाटील पूर्वी शेजारच्या राजास श्वापद म्हणत आणि त्याच्या दहा तोफांस दहा शिंगे म्हणत, आणि त्या राजाशी तह जाहला तेव्हा श्वापद कोणते ते त्यांनी पुन्हा ठरविले होते. परंतु या वेळी कोणी हसले नाही. इनास मात्र होडी घेऊन गेला आणि दोन्ही टोकांच्या खडकांवरून निशाणे धरून त्याने तांबड्या पाण्याची कड बांधली, आणि परत येऊन म्हणाला, "तिसरा हिस्सा नाही. खाडीचा अकरावा हिस्सा आहे." तेव्हा त्याची मावशी ब्रिजित, जिने त्यास आईमागे वाढविले, ती सर्वांदेखत बोलली, "बरं झालं बाबा. म्हणजे आम्ही अकराव्या हिश्शानंच बुडणार. पायाचे अंगठे तेवढे भिजतील." आणि लोक पहिल्याने हसले.

ही ब्रिजितमावशी चुनेकऱ्याशी लग्न करून बाहेरल्या आळीत राहत होती. बाहेरली आळी म्हणजे सीमेच्या दगडापलीकडची वस्ती. तेथे शिंपले भाजून चुना करणारे, फुटक्या जहाजांतून वाचून आलेले, नाना देवांचे आणि नाना बोलींचे लोक होते. राज्याची रीत ऐसी की मोजणीदार तांब्याचा राजहात, म्हणजे थोरल्या महाराजांच्या हाताएवढी कांब, घेऊन ज्या जमिनीभोवती फिरला ती जमीन राखणे राजास भाग. जिच्याभोवती फिरला नाही ती बुडाली तरी दाद नाही. दुसरी रीत ऐसी की एकदा फेरमोजणी जाहली की पहिली मोजणी सुटली, मग तिचा आधार कोणी घेऊ नये. बाहेरल्या आळीभोवती राजहात कधी फिरला नव्हता.

इकडे महाराजांस खबर पोहोचली, आणि ते स्वतः बंदरी आले, आणि जुन्या नाखव्यांनी सांगितले की ज्या वर्षी पाणी तांबडे होते त्या वर्षी कार्तिकी अवसेचे उधाण भारी येते, मागे आले ते देवळाच्या भिंतीवर पाच हात चढले होते, त्याची खूण आहे. महाराजांनी आज्ञा केली की तीन वर्षे बांधासाठी जो दगड जमविला आहे तो लावून बांध अवसेच्या आत पुरा करावा, आणि बांधाची रेघ कोठून न्यावी ते मोजणीदाराने दुसऱ्या दिवशी सांगावे. मग बस्त्याव पाटील पुढे होऊन म्हणाले, "महाराज, आमच्या पोथीतच लिहिलंय. त्या माणसाच्या हाती बोरू दिला आणि सांगितलं, देऊळ मोज, वेदी मोज, आत भजणारी माणसं मोज. पण बाहेरलं अंगण सोड, मोजू नको, ते परक्यांना दिलंय. विचारा पाद्रीबाबांना." पाद्री खालमानेने बोलिले की होय, ऐसे लिहिले आहे. पाटील पुढे म्हणाले, "आणि दगड आहे तो एकोणीसशे हात लांब आणि सहा हात उंच बांधाचा. आळी आत घेतली तर लांबी होते चोवीसशे, उंची पावणेपाच. खूण पाचाची आहे. सगळ्यांनाच बुडवायचं असेल तर घ्या आत." इनासाने मनात हिशेब केला आणि तो बरोबर निघाला, आणि पाटील दुष्टपणे बोलत नव्हते, त्यांची पाच नातवंडे देवळामागच्या घरात होती.

तेथून इनास मावशीकडे गेला. ती चुना चाळीत होती, भुवयांपर्यंत पांढरी जाहली होती. तो म्हणाला, "मावशे, अवसेला तुम्ही सगळी देवळात येऊन बसा." ती म्हणाली, "बसू की. आणि सकाळी कुठे जाऊ? गोड्या पाण्याच्या विहिरीत खारं पाणी, भट्ट्या ढासळलेल्या, घरं पाटलाच्या मळ्यात वाहून आलेली. मग पाटील म्हणेल, वाट कशी अडवलीत." तो म्हणाला, "पोथीत लिहिलंय गं, मोजू नको म्हणून. माझ्या मनचं असतं तर..." ती चाळण खाली ठेवून म्हणाली, "तू लहान होतास तेव्हा कणगीतले दाणे मोजायचास, आणि मी म्हणायची, अरे तळाचे राहिले. तेव्हा रडून पुन्हा मोजायचास. जा, नीट बघून ये. आणि केस झटक, तुझ्या डोक्यावर चुना पडलाय, उगाच म्हातारा दिसतोस."

मग इनास देवळात गेला आणि पुन्हा फरशीवर उताणा पडला. पश्चिमेचे ऊन खिडकीतून छतावर चढत होते. त्याने बोरू घेतलेला मनुष्य पाहिला, त्याच्यासमोर देऊळ, आणि देवळाबाहेर अंगण, त्यात दाटीने उभी असलेली परकी माणसे, आणि चिताऱ्याने त्यांस तोंडे काढली नव्हती. मग त्याची दृष्टी ऊन गेले तिकडे गेली, वेदीच्या वर, जेथे नगरी उतरत होती, जिची लांबी, रुंदी आणि उंची एकसारखी आहे, जिचे पाये बारा रत्नांचे आहेत आणि वेशी कधी मिटत नाहीत. आणि त्याने वेशी मोजल्या, बारा. मग पाये मोजले, बारा. मग सवयीने देऊळ शोधले, आणि देऊळ नव्हते. त्याने उठून, मान वळवून, चारी बाजूंनी पाहिले. मग बाहेरले अंगण शोधले, आणि तेही नव्हते. तटाबाहेर एकही मनुष्य उभा नव्हता. इतकी वर्षे त्याने या छतावर जे होते ते सर्व मोजले होते, आणि जे नव्हते ते एकदाही मोजले नव्हते. आणि एवढे ध्यानात येताच वरचे सोने उन्हात ऐसे पेटले की लाकूड, रंग आणि चितारा यांची आठवण राहिली नाही, नगरी खरोखरच उतरत आहे आणि आपण तिच्या थेट खाली उभे आहो ऐसे त्यास वाटले.

मग तो पाद्रींकडे गेला आणि म्हणाला, "बाबा, नगरीत देऊळ नाही." पाद्री बोलिले, "नाही. पोथीतही म्हटलंय, देऊळ दिसलं नाही. देव स्वतःच तिथं आहे, मग देऊळ कशाला." इनास म्हणाला, "मग देवळाबाहेरलं अंगण तरी कुठून येणार? बाबा, एका दर्शनात मोजणी दोनदा झाली आहे. पहिली माणसाच्या हातून, आणि तिच्यात अंगण सोडलं. दुसरी देवदूताच्या हातून, आणि तिच्यात सोडण्याजोगं काही उरलंच नाही." पाद्री उठून देवळाच्या दारापर्यंत गेले, आणि मान वर करून पाहत राहिले, आणि मग हळू बोलिले, "याच्याखाली उभा राहून मी म्हातारा झालो रे."

दुसऱ्या दिवशी महाराजांनी विचारले, तेव्हा इनासाने हात जोडून अर्ज केला, "महाराज, दर्शनातली पहिली मोजणी पाटील सांगतात तशीच आहे. परंतु तिच्यावर फेरमोजणी झाली आहे, आणि राज्याच्या रिवाजाप्रमाणे पहिली सुटली." मग त्याने नगरीची हकिकत सांगितली. महाराज त्या धर्माचे नव्हते, तरी ऐकता ऐकता ते गादीवरून पुढे सरकले आणि म्हणाले, "लांबी जितकी उंची? इतक्या मोठ्या नगरीत दार मिटतच नाही?" पाद्री बोलिले, "मिटत नाही, महाराज. तिथं रात्रच होत नाही." मग पाटलांनी विचारले, "आणि दगड, महाराज? पावणेपाच हातांचं काय?" तेव्हा महाराज बोलिले, "राजधानीस आमच्या महालाला बाहेरले अंगण आहे. त्याचा कोट उतरवा आणि दगड गलबतांनी आणा. किती उंची होते?" इनासाने वाळूवर आकडे मांडून सांगितले, "साडेपाच हात." महाराज म्हणाले, "खुणेवर अर्धा हात. तेवढ्यावर निभावू."

परंतु एक अडचण उरली, ती ऐसी की तांब्याचा राजहात सीमेच्या दगडापलीकडे नेऊ नये, ही थोरल्या महाराजांची शपथ होती, आणि ती मोडावयास कोणी तयार नव्हते. इनास म्हणाला, "नगरीचा तट देवदूतानं मोजला, तो माणसाच्या हातानं मोजला असं लिहिलंय. देवदूताचा हात आणि माणसाचा हात तिथं एकच धरला आहे." महाराज म्हणाले, "देवदूतास पुरला तो आम्हांस पुरेल." मग ओल्या वाळूवर आठ माणसे बंदराची आणि आठ बाहेरल्या आळीची आडवी बसविली, आणि त्यांचे हात कोपरापासून बोटापर्यंत एकापुढे एक ठेविले, आणि त्या रांगेवर दोरी ताणून ती चार वेळा निम्मी दुमडली, तेव्हा सोळा हातांचा एक हात आला. ही रांग भरत होती तेव्हा बस्त्याव पाटील लांब उभे होते, आणि मावशी म्हणाली, "या पाटील, एक जागा राहिली आहे. चुना धुऊन आले आहे मी, बाटणार नाही तुम्ही." पाटील म्हणाले, "माझा हात आखूड आहे." ती म्हणाली, "ते सगळ्या गावाला ठाऊक आहे, म्हणून तर माझा लांब घेतलाय जोडीला." मग पाटील वाळूत बसले आणि हात ठेविला. इनासाने ती दोरी सीमेच्या दगडापाशी नेऊन राजहाताशी ताडून पाहिली, आणि दोहोंत एका जवाच्या दाण्याच्या जाडीइतकेच अंतर निघाले. ते त्याने दोनदा पाहिले, आणि कोणास काही न सांगता दोरीस गाठ मारली, परंतु त्याचे डोळे भरले होते.

मग बांधाचे काम चालले, आणि चुनेकऱ्यांनी भट्ट्या विझू दिल्या नाहीत, आणि महालाचा कोट गलबतांतून उतरला, आणि अवसेच्या आदल्या दिवशी शेवटचा दगड बसला. अवसेस दोन प्रहरी उधाण आले. पाणी आता तांबडे नव्हते, काळे होते, आणि ते देवळाच्या खुणेइतके चढले आणि तेथे थांबले नाही, आणि सर्व लोक, आतले आणि बाहेरले, बांधाला पाठ लावून उभे राहिले, आणि चुन्याचा सांधा पाझरेल तेथे हाताने चिखल भरीत गेले. पाद्री मोठ्याने प्रार्थना म्हणत होते आणि लाटांच्या आवाजात ती कोणास ऐकू येत नव्हती. पाटलांचा धाकटा नातू मावशीच्या खांद्यावर होता. इनास बांधाच्या माथ्यावर पोटावर पडून, हात खाली सोडून, पाणी माथ्याखाली किती बोटे राहिले ते मोजीत होता, आणि दर वेळी आकडा ओरडून सांगत होता, आणि आकडा लहान होत गेला, आणि मग एकदा तोच आला, आणि पुन्हा तोच आला.

एकंदर मजकूर येणेप्रमाणे. बांधाची लांबी, मनुष्याच्या हाताने, चोवीसशे हात. उंची साडेपाच हात. उधाणाचे पाणी भर असता बांधाच्या माथ्याखाली चार बोटे. बाहेरल्या आळीत पाणी, बोटे शून्य.