छत्री उघडून पैसे काढणारा माणूस

मुकुंदभाऊ एटीएमच्या काचेच्या खोलीत शिरले की आधी छत्री उघडायचे. पाऊस असो नसो. मे महिन्यात पांढरकवड्याचा रस्ता तापून डांबर चपलेला चिकटत असलं तरी त्यांची छत्री बरोबर, आणि ती आत गेल्यावरच उघडायची. बाहेर उन्हात ती काखेत मिटलेली.

त्या वीतभर खोलीत छत्री उघडणं सोपं काम नव्हतं. आधी दांडी पोटाशी धरायची, मग काड्या भिंतीला घासत एकेक बाजू मोकळी करायची, मग स्वतः वाकून तिच्याखाली शिरायचं. बाहेरून बघणाऱ्याला मशीनसमोर एक काळा घुमट आणि त्याखाली पायजम्याचे दोन पाय एवढंच दिसायचं. चौकीदार दर वेळी विचारायचा, "काहून भाऊ, आत गळून राह्यलं का?"

छत्रीतून उत्तर यायचं, "आकडा दाबून राह्यलो. तिकडं तोंड कर. रीतसर होऊ दे."

रीतसर हा त्यांचा शब्द. चहा रीतसर उकळला पाहिजे, भाजीवाल्यानं वांगी रीतसर निवडू दिली पाहिजेत, गल्लीतल्या कुत्र्यानंसुद्धा भुंकायचं तर रीतसर, माणूस बघून. तहसील कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर त्यांची सगळी नोकरी गेली होती आणि निवृत्त झाल्यावर ते टेबल त्यांनी मनात घरी आणलं होतं. पाहुणा आला की आवक. न्हाव्याकडून आले की टोपी काढून म्हणायचे, "केस जावक." एकदा जेवताना दाढ पडली, तर ती तळहातावर घेऊन मला दाखवली आणि तेवढ्याच शांतपणे म्हणाले, "जावक झाली."

मी मूळचा राजापूरकडचा. आठवीत माझी शाळा सुटली. म्हणजे मी सोडली, शाळा बिचारी अजून तिथंच आहे. एका ठेकेदाराबरोबर इथल्या जिनिंगमध्ये कामाला आलो तेव्हा मला कापूस फक्त दिव्याच्या वातीपुरता माहीत होता. खोली शोधत फिरत होतो. कोणी आगाऊ पैसे मागे, कोणी गाव विचारून दार लोटून घेई. मुकुंदभाऊंनी एकच प्रश्न विचारला, "घोरतं का?"

मी घाबरून म्हणालो, "नाही, अजिबात नाही."

"मंग कसं जमन? मले घरात आवाज पाह्यजे." थोडा विचार केला आणि म्हणाले, "बरं राह्य. शिकून घेजो."

त्यांचं लग्न राहून गेलं होतं. का, ते मी विचारलं नाही. त्यांनी मला ठेवून घेतलं, बँकेत नेऊन खातं उघडून दिलं, सही इंग्रजीत नको मराठीतच कर म्हणून माझ्याकडून ती गिरवून घेतली. माझे वडील असते तर त्यांनी तरी एवढं केलं असतं की नाही, कोण जाणे. मी त्यांच्याशी बोलताना अजूनही उभा राहतो. ते म्हणायचे, "बस ना रे कोकण्या, इथं का साहेब येऊन राह्यला?"

आता कार्डांचं सांगतो. आमच्या गल्लीत कार्ड बहुतेकांकडे होतं, पण मशीनपुढं उभं राहायची हिंमत कोणाकडे नव्हती. समोरच्या सुनंदाबाई अंगणवाडीत काम करायच्या. त्यांचं कार्ड एकदा मशीननं गिळलं होतं, तेव्हापासून बाई त्या खोलीपासून, चावऱ्या कुत्र्यापासून राहावं तशा लांब राहायच्या. मला स्क्रीनवरची अक्षरं दिसली की वर्गात उभं केल्यासारखा घाम यायचा. म्हणून दर शनिवारी संध्याकाळी मुकुंदभाऊ चष्म्याचं रिकामं घर घेऊन दारोदार जायचे. त्यात आमची कार्डं जमा व्हायची. आकडा मात्र कानात सांगायचा, असा त्यांचा नियम. पण गल्लीत दोन-चार म्हाताऱ्या कमी ऐकणाऱ्या होत्या आणि कमी ऐकणारा माणूस कानातसुद्धा ओरडूनच सांगतो. मुकुंदभाऊ कळवळून म्हणायचे, "अवो माय, मले सांगा, पाटणबोरीले नका सांगू."

एकदा ऐकलेला आकडा ते विसरत नसत. पैसे आणून ज्याच्या त्याच्या हातात ठेवायचे, चिठ्ठीत कार्ड गुंडाळून द्यायचे आणि चहाला नाही म्हणून पुढच्या दारी जायचे. शनिवारी त्यांच्या चालण्यात कचेरीला निघाल्याची ऐट असायची.

ते बोंडअळीचं वर्ष होतं. वरून हिरवंगार बोंड, फोडलं की आत गुलाबी अळी. जिनिंगच्या आवारात जिथं गाड्यांची रांग लागायची तिथं शेळ्या फिरायला लागल्या. आमची पाळी एकच उरली. पगार उशिरा आणि मशीनमध्येही निम्म्या वेळा पैसे नसायचे. कोणाकडेच फार काही नव्हतं, म्हणून ते कोणी चोरेल असं कोणाच्या मनात आलं नाही.

एका रविवारी सकाळी माझा मोबाइल एकामागून एक वाजला. संदेश इंग्रजीत. मी तो घेऊन मुकुंदभाऊंकडे गेलो. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला.

"पैसे निंघाले रे."

"कुठून?"

"कोन्या लांबच्या शहरातून. तू रात्री गेलता का तिकडं?"

"मी इथंच होतो भाऊ. घोरत होतो."

"हो. ते तं मी ऐकलं." ते खुर्चीत बसले. जावक झालं असं म्हणाले नाहीत.

तेवढ्यात सुनंदाबाई मोबाइल विंचवासारखा दोन बोटांत धरून आल्या. मग बाकीची दारं. खाती पुसून गेली होती. माझं तर घरची कौलं फिरवायला साठवलेलं सगळंच गेलं. मुकुंदभाऊंवर कोणी ओरडलं असतं तर बरं झालं असतं. सुनंदाबाईंनी फक्त विचारलं, "भाऊ, कार्डं कुठी पडली-बिडली तं नव्हती ना?" आजारी माणसाला औषध घेतलं का विचारतात, तसा आवाज. मुकुंदभाऊंनी चष्म्याचं घर उघडून सगळ्यांना आतून दाखवलं. ते रिकामंच होतं, तरी दाखवलं.

सोमवारी सगळी गल्ली बँकेत. तिथं आधी एक फोन नंबर मिळाला. त्यावर एक बाई एक दाबा, दोन दाबा म्हणत राहिली आणि माझा बॅलन्स संपला. मग काचेच्या केबिनमधल्या तरुण साहेबांनी आत बोलावलं. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "पिन कोणाला सांगितला होता का?"

बँकेची फरशी मी इतकी नीट कधी पाहिली नव्हती. आम्ही सगळे तिच्याकडेच बघत होतो.

मुकुंदभाऊ पुढं झाले. "मले सांगितला होता. सगळ्यायनं. अन् रीतसर, कानात."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "तुम्ही कोण?"

"मी गल्लीचा."

साहेबांनी कोणाला तरी हाक मारली आणि कॅमेऱ्याचं चित्रण लावायला सांगितलं. स्क्रीन आमच्याकडं वळवली. काळी छत्री. पुढच्या शनिवारी काळी छत्री. त्याच्या पुढच्या शनिवारी छत्री आणि एक कोपर. केबिनच्या दारात जमलेली माणसं खदखदून हसली. मुकुंदभाऊही हसले, अभिमानानं. "पाहा साहेब, एक आकडा तरी दिसते का?"

"आकडा नाही दिसत. तुम्हीही नाही दिसत. छत्रीखाली कोण आहे ते बँकेला कसं कळणार?"

"मीच हाओ ना!"

"म्हणजे तुम्ही कबूल करता."

मुकुंदभाऊंचं हसू लगेच गेलं नाही. चेहऱ्यावर तसंच राहिलं, नुसतं ठेवल्यासारखं.

पुढं खरा प्रकार बाहेर आला. त्या मशीनच्या कार्ड घालायच्या फटीवर कोणीतरी हुबेहूब तशीच दुसरी पट्टी बसवली होती. ती कार्डाची नक्कल करायची. आकड्यांच्या बटनांच्या वर, पत्र्याच्या कडेला, मसुराएवढा कॅमेरा चिकटवला होता. म्हणजे बँकेचा कॅमेरा छत्रीच्या बाहेर आणि चोरांचा छत्रीच्या आत, मुकुंदभाऊंच्या नाकासमोर. गावातल्या आणखी लोकांचे पैसे गेले होते, मास्तरांचे, व्यापाऱ्यांचे. त्यांचे परत मिळाले. आमच्या गल्लीला सांगितलं, तुम्ही पिन दुसऱ्याला दिलात, ही ग्राहकाची चूक. या माणसाच्या नावानं पोलिसांत तक्रार द्या, मग पुढचं पाहू.

"देऊन टाका," मुकुंदभाऊ त्या संध्याकाळी ओट्यावर म्हणाले. "माह्या नावानं लिहा. तुमचे पैसे तं येतीन. मले कोन नेते या वयात?"

सुनंदाबाई उसळल्या. "भाऊ, डोकं फिरलं का तुमचं? असं कसं लिहू आमी?"

त्यानंतर मात्र बराच वेळ कोणीच बोललं नाही. बोलायला हवं होतं. कोणीतरी हसून विषय बदलायला हवा होता. सगळे आपापल्या पायांकडे बघत होते आणि मी त्यांच्याच ओट्यावर, त्यांच्याच हातचा चहा पीत, घरी गळक्या कौलांवर आईनं ताडपत्री बांधली असेल का याचा विचार करत होतो. मुकुंदभाऊंनी आमच्याकडे एकदा पाहिलं आणि कप गोळा करायला लागले.

तक्रार कोणी दिली नाही. पण ती शांतता त्यांनी ऐकली होती.

दुसऱ्या दिवसापासून ते रोज बँकेत जायला लागले. चौकीदार, तोच रोजचा, आता म्हणायचा, "छत्री बाहेर ठेवा भाऊ. साहेबायनं सांगितलं." ते छत्री दाराशी टेकवून आत बाकावर बसायचे. शेजारचा माणूस हळूच पिशवी मांडीवर घ्यायचा. साहेब येता-जाता म्हणायचे, "काका, उद्या या." एकदा मी बरोबर होतो. साहेबांसमोर हात जोडून ते म्हणाले, "मले चोर लिहा, पण ह्यायचे पैसे द्या. हा पोरगा कोकणातून आला." मला तिथल्या तिथं जमिनीत जावंसं वाटलं. साहेब म्हणाले, "काका, आम्हाला कामं आहेत."

परतताना ते बसस्टँडपाशी थांबून म्हणाले, "नोकरीभर मी लोकायले हेच म्हनलं रे. उद्या या. मले वाटे, मी त्यायले आशा देऊन राह्यलो."

आणि मग एके दिवशी पैसे आले. जसे गेले तसेच, मोबाइल वाजून. वरून काही आदेश आला म्हणे. कोणी पत्र दिलं नाही, कोणी चुकलं म्हणालं नाही. सुनंदाबाईंनी शिरा केला. मी आईला फोन केला आणि बोलता बोलता रडलो, ती म्हणाली नेटवर्क खराब आहे का.

त्या शनिवारी मुकुंदभाऊंनी इस्त्रीचा सदरा घातला, चष्म्याचं घर खिशात टाकलं आणि दारोदार निघाले. मी ओट्यावरून बघत होतो.

"आज नाई काढाचे भाऊ. चहा घ्या ना."

"पोरगा जाते आता भाऊ, तुमाले कायले तरास? बसा, चहा टाकते."

"या भाऊ, या. चहा?"

जे शनिवारी चहाला थांबत नसत, ते त्या दिवशी प्रत्येक दारी चहा प्याले. कोणी वावगं बोललं नाही. सगळे नेहमीपेक्षा गोड बोलले. परत आले तेव्हा चष्म्याचं घर टेबलावर ठेवून मला म्हणाले, "आवक निरंक." आणि जेवले नाहीत. चहानं पोट भरलं होतं म्हणे.

मला बँकेनं नवं कार्ड दिलं, सोबत बंद पाकिटात नवा आकडा. मी दोन्ही त्यांच्यापुढं धरलं. त्यांनी हात पाठीमागं घेतले. लहान मुलं मार चुकवायला घेतात तसे.

"मले नको देऊ."

"भाऊ, मला नाही जमत."

"मी येतो संगं. बाहेर राहीन."

आम्ही गेलो. मी काचेच्या खोलीत, ते पायरीवर, तोंड हमरस्त्याकडं, पाठ माझ्याकडं. दार मी पायानं उघडं धरलं होतं. मी म्हणालो, "भाऊ, हे काहीतरी विचारतंय."

"मले पाह्य म्हनू नको. डाव्या अंगाले मराठीचं बटन हाय, खालून दुसरं. दाबलं?"

"दाबलं."

"आता हिरव्या अक्षरात येईन. ते होय म्हन." हैदराबादकडचे ट्रक त्यांच्या पुढ्यातून जात होते. त्यांच्या आवाजावर आवाज चढवून, एकदाही मान न वळवता, ते मला एकेक पायरी सांगत होते. "आता तो आकडा मांगन. थांब. एक मिनिट थांब."

मी बघितलं. त्यांनी दोन्ही कानांत बोटं घातली होती. मग डोळेही मिटले असावेत, कारण मान थोडी खाली गेली. मी काही आकडा मोठ्यानं म्हणणार नव्हतो. तरीही त्यांनी बोटं काढली नाहीत.

मी बटनं दाबली. मशीननं पैसे दिले. माझ्या आयुष्यात मी स्वतः काढलेले पहिले पैसे. मी दार सोडून बाहेर आलो आणि म्हणालो, "झालं, भाऊ." त्यांना ऐकू गेलं नाही. पुन्हा म्हणालो. पायरीवरून जाणारी एक बाई त्यांच्याकडं बघून हसली, तिच्याबरोबरच्या पोरीनंही कानात बोटं घातली. एक ट्रक गेला, दुसरा गेला. ते तसेच उभे. हाक मारायला मला एवढी लाज का वाटत होती, सांगता येत नाही. शेवटी मी त्यांच्या खांद्याला हात लावला.

ते दचकून वळले. आणि मी काही बोलायच्या आत त्यांनी, रिकामं चष्म्याचं घर दाखवलं होतं तसे, दोन्ही तळहात माझ्यापुढं उघडे केले.